एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातील उपचारासाठीचे कलम ६४-अ मुंबईत प्रत्यक्षात कुणाला मिळते?

किनारा

मुंबईच्या एका उपनगरातील दंडाधिकारी न्यायालयात मी वकिली करते. विधी सेवेच्या यादीवर माझे नाव असल्यामुळे ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी मला उभे राहावे लागते. अमली पदार्थांची आमच्याकडे येणारी प्रकरणे बातम्यांमधली नसतात. कोट्यवधींचा मुद्देमाल विशेष न्यायालयाकडे जातो. आमच्याकडे येतो तो स्कायवॉकखाली चिलीम ओढताना सापडलेला हमाल, किंवा खिशात गांजाची एक पुडी मिळालेला डिलिव्हरीचा मुलगा.

गेल्या महिन्यातील एक प्रकरण सांगते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता आणि गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, सेवनाचा गुन्हा होता. नाक वाहत होते, हात थरथरत होते, आणि बाकावर बसल्या बसल्या तो पोटाशी गुडघे ओढून घेत होता. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना सांगायला नको की त्याला टर्की आलेली होती, म्हणजे नशा न मिळाल्याने शरीर तडफडत होते. नाव पुकारले गेले, गुन्हा कबूल आहे का असे विचारले गेले, तो हो म्हणाला, दंड सुनावला गेला. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील. दंड भरण्याच्या खिडकीशी त्याच्या आईने पदराची गाठ सोडली, घामाने ओलसर झालेल्या नोटा एकेक करून मोजल्या आणि पावती ब्लाउजमध्ये खोचून ठेवली. मग तिने मला विचारले, "ताई, आता ह्याला दवाखान्यात पाठवतील ना?" मी तिला नाही म्हणाले. त्या दोन-तीन मिनिटांत तो प्रश्न मीसुद्धा न्यायालयापुढे मांडलेला नव्हता, आणि हे मला तेव्हापासून सोडत नाही.

कायद्यात सोय नाही असे नाही. १९८५च्या या एनडीपीएस कायद्यातील कलम २७ सेवनासाठी शिक्षा सांगते. पदार्थ हेरॉइन किंवा कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार. पण त्याच कायद्यातील कलम ६४-अ असे म्हणते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालवता येणार नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येईल. कलम ३९ तर याच्याही पुढचे आहे. दोषी ठरल्यानंतरही न्यायालय आरोपीच्या संमतीने त्याला शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते आणि वर्षभराच्या आत उपचाराचा अहवाल मागवू शकते.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांनी निकाली काढलेल्या १०,६६९ प्रकरणांचा अभ्यास केला होता. त्यांतील जवळजवळ सगळी प्रकरणे स्वतःच्या सेवनाची होती आणि बहुतेक गांजाची होती. म्हणजे या शहरात या कायद्याचा रोजचा चेहरा तस्कराचा नाही, तो ओढणाऱ्याचा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंतच्या या वाटेवर त्या माणसाला दवाखान्याकडे वळवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे? पोलीस, डॉक्टर, समाजसेवक, पालक, ज्यांचा याच्याशी प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त फौजदार

किनाराताई, मी मुंबई पोलीस दलातून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे आणि काही वर्षे अमली पदार्थांच्या कारवायांत होतो, म्हणून जे पाहिले ते लिहितो. संपूर्ण सेवेत कलम ६४-अ वापरले गेलेले मी एकदाही पाहिले नाही. कोणी अडवले होते असे नाही, पण ते कलम आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. प्रशिक्षणात सगळा भर झडतीवर असे. कलम ५० प्रमाणे आरोपीला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे हे सांगितले की नाही, कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी आणि नमुने झाले की नाही, कलिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या पाकिटाचे सील शाबूत होते की नाही, यांतील एक गोष्ट चुकली तरी वर्षांची मेहनत वाया जाते. त्या धास्तीत पकडलेला माणूस आजारी आहे हा विचार मागे पडतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची आहे. गुन्हे आढावा बैठकीत महिन्याला किती केसेस केल्या हे विचारले जाते. कारखान्यापर्यंत पोहोचायला एखाद्या पथकाला कित्येक आठवडे घालवावे लागतात, आणि चिलीम ओढणारा दहा मिनिटांत सापडतो. कागदावर दोन्ही एकेक केस म्हणूनच मोजल्या जातात. कोणीही वाईट हेतूने वागत नसतानासुद्धा त्या मोजणीमुळे सगळी यंत्रणा हळूहळू सोप्या माणसाकडे कलते.

तरीही पोलिसांच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने या कायद्याखाली आले. त्याआधी आम्ही महाविद्यालयांच्या आसपास ती पांढरी पूड विकणारी मुले पकडत होतो, आणि ती मुले आमच्या तोंडावर सांगत होती की साहेब, हे एनडीपीएसमध्ये बसत नाही. ते खरे बोलत होते. सरकारला पदार्थ यादीत घालायला जो वेळ लागला त्या वेळात तो पदार्थ शहराच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. आजही त्याची दोन ग्रॅम ही अल्प मात्रा आहे आणि पन्नास ग्रॅमपासून व्यापारी मात्रा धरली जाते. व्यापारी मात्रेत कलम ३७ मुळे जामीन फार कठीण होतो. हा धाक नसता तर विकणाऱ्यांना आवरणे आम्हाला शक्यच झाले नसते. तेव्हा कायदा सैल करा असे मी म्हणणार नाही. त्यातला जो भाग बंद पडला आहे तो चालू करा, एवढेच म्हणेन.

खडकवासला

मी पुण्याचा आहे आणि माझे मत वेगळे आहे. उपचार हवेतच, पण माल बाजारात येतच राहिला तर उपचार करून घरी परतलेला मुलगा कोपऱ्यावरच पुन्हा सापडणार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक आरोपी पळाला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना उघड केला, जिथला माल सुमारे ३०० कोटींचा सांगितला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापासून दिल्ली आणि सांगलीपर्यंत धागा नेऊन १,७०० किलोंहून अधिक एमडी पकडले. गर्द सीमेपलीकडून येत असे, एमडी आपल्याच एमआयडीसीत शिजते. ज्याला रसायनशास्त्राची थोडी माहिती आहे आणि ज्याच्याकडे बंद पडलेले एक शेड आहे तो ते बनवू शकतो. इथे समुपदेशन कामाला येणार नाही. राज्य सरकारने अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स उभारला आणि जुलै २०२५ मध्ये मोक्का कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले, या दोन्ही गोष्टी मला योग्य दिशेच्या वाटतात.

किनारा

खडकवासला, कारखान्यांच्या बाबतीत माझे तुमच्याशी काहीच भांडण नाही. मी ज्यांच्याबद्दल लिहिले ते मोक्काच्या आसपासही येत नाहीत. कुरकुंभचा कारखाना बंद झाला म्हणून माझ्या बाकावरचा मुलगा बरा झाला नाही, आणि त्याला दंड केल्याने कुरकुंभला काही फरक पडला नाही. दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी माणसे आणि वेगळा निधी लागतो, आणि त्यातले एकच काम आपण शासकीय प्रतिसाद म्हणून मोजतो, ही माझी तक्रार आहे.

मृदगंध

मी वैद्यकीय समाजसेविका आहे आणि अनेक वर्षे ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी देखरेखीखाली बदली औषध देणाऱ्या केंद्रात, काम केले आहे. हे काय असते ते फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुईने गर्द घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरतो, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ही केंद्रे चालवायला घेतली. रुग्ण रोज सकाळी येतो. सिस्टर ब्युप्रेनॉर्फिन या बदली औषधाची गोळी कुटून त्याच्या जिभेखाली ठेवते, तो समोरच्या बाकावर बसून ती विरघळेपर्यंत बोलत नाही, आणि मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवतो. गोळी गिळली किंवा बाहेर नेली तर तिचा उपयोग नाही, म्हणून हे तपासावेच लागते. त्या शांत बसलेल्या पाच-सात मिनिटांत मी रोज त्यांचे चेहरे पाहत असे. पहिल्या आठवड्यात जो माणूस भिंतीला टेकून कसाबसा बसायचा तो महिन्याभरात दाढी करून, डबा घेऊन, कामावर जाता जाता यायला लागतो. व्यसन सुटलेले नसते, पण त्याला टर्कीसाठी चोरी करावी लागत नाही, सुई लागत नाही, आणि तो घरी राहू शकतो.

यात कायदा कसा आडवा येतो ते सांगते. केंद्राबाहेर दोन पोलीस उभे राहिले की त्या दिवशी निम्मे रुग्ण येत नाहीत. एकदा आमचा एक जुना रुग्ण चार दिवस आला नाही. नंतर कळले की सेवनाच्या गुन्ह्यात त्याला आत ठेवले होते आणि तिथे त्याची रोजची गोळी बंद पडली. बाहेर आल्यावर तो थेट पन्नीवर, म्हणजे पन्नीवर गर्द जाळून धूर ओढण्यावर, गेला. ज्या माणसावर शासनाचे एक खाते रोज औषध खर्च करत होते त्याच माणसाला शासनाच्याच दुसऱ्या खात्याने पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडले. किनारा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की प्रत्येक पोलीस ठाण्यात जवळच्या केंद्राचा पत्ता आणि तिथल्या माणसाचा फोन भिंतीवर लावलेला असावा आणि ठाणे अंमलदाराने तो फिरवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

एमडीबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. गर्दला बदली औषध आहे, तसे एमडीला नाही. हा मुलगा दोन-तीन रात्री झोपत नाही, मग त्याला वाटू लागते की कोणीतरी दारामागे उभे आहे, आणि घरचे त्याला मांत्रिकाकडे नेतात. इथे मानसोपचार, समुपदेशन आणि कुटुंबाचे बळ हेच काम करते, आणि याच गोष्टी आपल्याकडे सगळ्यात कमी आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाला होता. ज्या व्यसनाविषयी निदान उघडपणे बोलता येते त्याची ही गत आहे.

ठाणेकर आई

पहिल्यांदाच लिहीत आहे, चुकले तर क्षमा करा. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मृदगंधताईंनी दारामागच्या माणसाचे लिहिले ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण आमच्या घरात हेच झाले. त्याने बाथरूमच्या खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवले होते. आम्ही त्याला एका खाजगी केंद्रात ठेवले. तिथून तो पाठीवर वळ घेऊन परतला, आणि आता उपचार हा शब्द काढला तरी तो घर सोडून जाण्याची धमकी देतो. शेजारचे म्हणतात पोलिसांत द्या, अद्दल घडेल. मला त्याला गुन्हेगार करायचे नाही. सरकारी डॉक्टरांकडे गेलो तर ते पोलिसांना कळवतील का, एवढे कोणी सांगेल का?

मृदगंध

ठाणेकर आई, तुम्ही चुकलेल्या नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाधीनतेचाही समावेश आहे. त्या कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिलेला आहे आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणही दिलेले आहे. व्यसनमुक्ती केंद्राला या कायद्याखाली नोंदणी लागते. ती नोंदणी पाहायला मागा, आणि कोणी दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून उठून या. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे. मुलगा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही दोघे पालक जा. मारहाण झाल्यावर त्याचा विश्वास परत यायला वेळ लागेल, पण आई-वडिलांनी स्वतःसाठी समुपदेशन घेतलेले पाहून मुले काही आठवड्यांनी स्वतःहून विचारतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पुण्यात मुक्तांगण आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने पोरे मरायला लागली तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्याविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. तिथे दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात आणि मारहाणीला जागा नाही. तुम्हाला दूर पडेल, पण उपचार कसा असू शकतो ते मुलाला दाखवण्यासाठी एकदा जाऊन येण्यासारखे आहे.

झुरिककर

मी कामानिमित्त पंधरा वर्षे स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला आहे. इथल्या माझ्या वयाच्या सहकाऱ्यांनी जे शाळेत जाता-येता पाहिले ते या चर्चेशी जुळते म्हणून लिहितो.

मुख्य रेल्वे स्थानकामागे, राष्ट्रीय संग्रहालयाच्या पलीकडे, लिमाट आणि झील या नद्यांच्या संगमावर प्लाट्झस्पिट्झ नावाची बाग आहे. आज तिथे लोक दुपारचा डबा खातात. १९८७च्या सुमारास पोलिसांनी ठरवले की शहरभर पांगलेल्या हेरॉइन घेणाऱ्यांना तिथे एकत्र राहू द्यावे. दिवसाला हजारो सुया लागू लागल्या. त्याआधी १९८५ मध्ये तर कॅन्टनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना सुया वाटण्यास बंदी घातली होती, आणि तरुण डॉक्टरांनी ती बंदी उघडपणे मोडली होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये बागेला कुलूप लागले. उपचाराची पुरेशी सोय नसताना ते लावल्यामुळे सगळी माणसे थोड्याच अंतरावरच्या लेटेन या बंद रेल्वे स्थानकात गेली. नुसते हाकलले की काय होते त्याचा हा धडा शहराला फार महाग पडला.

१९९५ मध्ये लेटेन बंद केले तेव्हा मात्र आधी तयारी केली होती. मेथाडोन या हेरॉइनच्या बदली औषधाची सोय वाढवलेली होती, १९९४ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देण्याचे प्रयोग सुरू झाले होते, आणि बाहेरगावच्या रुग्णांना त्यांच्या त्यांच्या गावाने सांभाळायचे असे ठरले होते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळा भार एका शहराने उचलायचा नाही हे ठरल्याशिवाय काहीच टिकले नसते. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि कायद्याची अंमलबजावणी, या चार खांबांचे धोरण नंतर कायद्यात आले आणि २००८ मध्ये सुमारे ६८ टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. यात पोलीस बाजूला झाले नाहीत. उघड्यावरची विक्री ते आजही खपवून घेत नाहीत, पण घेणाऱ्याला ते सेवाकेंद्राचा रस्ता दाखवतात, कारण दाखवायला केंद्र असते.

सगळे सुटले असे मात्र समजू नका. २०२३ मध्ये मध्यवर्ती भागातले एक सेवाकेंद्र बंद झाले आणि क्रॅक कोकेन घेणारे एका वस्तीतल्या बागेत, मुलांच्या खेळण्याजवळ दिसू लागले. रहिवाशांचा संताप झाला आणि शहराला त्याच भागात तात्पुरते केंद्र पुन्हा उघडावे लागले. तीस वर्षांच्या अनुभवानंतरही एक दार बंद केले की माणसे रस्त्यावर येतात. मुंबईची लोकसंख्या आणि झुरिकची लोकसंख्या यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण आधी दवाखान्याचे दार उघडायचे आणि मग रस्ता मोकळा करायचा, हा क्रम लोकसंख्येवर अवलंबून नाही.

निवृत्त फौजदार

झुरिककर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. आमच्याकडे पुलाखालचे गर्दुल्ले हटवण्याची मोहीम वर्षातून दोनदा तरी होत असे. आम्ही त्यांना गाडीत घालून आणत होतो, नावे लिहून घेत होतो आणि संध्याकाळी सोडत होतो. आठवड्याने ते पुढच्या पुलाखाली असत आणि त्या हद्दीचे ठाणे मोहीम सुरू करत असे. मृदगंधताईंनी सुचवलेला भिंतीवरचा फोन नंबर आमच्या वेळी असता तर मी तो फिरवला असता. रात्रीच्या पाळीत टर्की आलेला माणूस लॉकअपमध्ये असला की अधिकाऱ्यालासुद्धा झोप लागत नाही. तो मेला तर कोठडीतला मृत्यू ठरतो. म्हणजे हे आमच्याही सोयीचेच आहे.

ताई, एक व्यवहाराची गोष्ट. संस्था सरकारमान्य आहे याचे पत्र आणि रुग्ण दाखल झाल्याचा कागद, हे दोन्ही हातात असल्याशिवाय अर्ज करू नका. तारीख पडत राहते आणि तोवर मुलगा कंटाळून कबुली देऊन मोकळा होतो.

किनारा

फौजदार साहेब, हेच मी आज सकाळी केले. त्या मुलाचा दंड भरून झाला आहे, त्यामुळे त्याच्यासाठी आता ६४-अ उरलेले नाही. पण त्याच वस्तीतल्या आणखी एका मुलाचे सेवनाचे प्रकरण पुढच्या आठवड्यात आहे. मी त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात गेले. केसपेपर काढला, तासभर रांगेत उभे राहिलो, डॉक्टरांनी तपासून दाखल होण्याचा सल्ला लिहून दिला. समाजसेवकांनी न्यायालयासाठी पत्र देण्याचे कबूल केले आहे. हे पत्र त्यांनी यापूर्वी कधी दिले नव्हते, म्हणून मजकूर मीच कलमाच्या शब्दांत लिहून दिला.

अर्जात मी तीन मागण्या करणार आहे. खटला कलम ६४-अ प्रमाणे थांबवावा, ते न झाल्यास कलम ३९ प्रमाणे उपचारासाठी सोडावे, आणि उपचाराचा अहवाल दर तीन महिन्यांनी रुग्णालयाने थेट न्यायालयाला पाठवावा. सरकारी वकिलांना आधीच प्रत दिली आहे आणि त्यांनी विरोध न करण्याचे सांगितले आहे. मसुदा उद्या या धाग्यावर टाकते. इतर न्यायालयांत उभे राहणाऱ्या कोणाला वापरता आला तर नाव-गाव बदलून वापरावा. ठाणेकर आई, तुमच्या मुलावर कोणताही गुन्हा नाही, त्यामुळे तुम्हाला यातले काहीच लागणार नाही. तुम्ही फक्त डॉक्टरांकडे जा. ठाणे शहरात सोबत हवी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी मी मोकळी असते.